मोजक्या मनगटांसाठी

२०२२ साली जपानच्या ग्रँड सीकोने 'कोदो' नावाचं मनगटी घड्याळ जाहीर केलं. नग फक्त २०, किंमत प्रत्येकी ४ कोटी ४० लाख येन. आकडे ऐकून माणूस एकतर डोळे विस्फारतो, नाहीतर 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून पान उलटतो. दोन्ही प्रतिक्रिया समजण्यासारख्या आहेत, पण दोन्हींत घड्याळ बाजूलाच राहतं. म्हणून आधी घड्याळाबद्दल.

चावीच्या घड्याळाला दोन जुनी दुखणी आहेत. मेन स्प्रिंग पूर्ण आवळलेली असते तेव्हा ती चाकांना जोरात ढकलते. सैलावत गेली की तिचा जोर ओसरतो, बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो आणि घड्याळाची चाल बदलते. दुसरं दुखणं गुरुत्वाकर्षणाचं: तेच घड्याळ उभं धरलं तर एक चाल, टेबलावर पालथं ठेवलं तर दुसरी. या दुसऱ्या दुखण्यावर पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीने १८०१ साली पेटंट घेतलं. बॅलन्स व्हील आणि एस्केपमेंट, म्हणजे चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारी यंत्रणा, एका पिंजऱ्यात बसवायची आणि तो पिंजराच सतत फिरता ठेवायचा, म्हणजे निरनिराळ्या उभ्या स्थितींतल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. यालाच टूरबियाँ म्हणतात. पहिल्या दुखण्यावरचा उपाय असा की मुख्य स्प्रिंग आणि बॅलन्स यांच्यामध्ये एक छोटी स्प्रिंग ठेवायची. ती दर काही क्षणांनी नव्याने आवळली जाते आणि पुढे नेहमी सारखाच जोर पोचवते. 'कोदो'मध्ये हे दोन्ही उपाय एकाच अक्षावर, एकाच्या पोटात एक बसवले आहेत. रचना ताकुमा कावाउचिया या अभियंत्याची. आतला पिंजरा संथ फिरतो, बाहेरचा दर सेकंदाला एकदा टिचकी मारल्यासारखा पुढे सरकतो. बॅलन्सचे सेकंदाला आठ ठोके आणि त्यांत ही एक ठाम टिचकी, अशी त्याची लय आहे. प्रत्येक नगाची चाचणी ३४ दिवस चालते. ग्रँड सीकोच्या नेहमीच्या घड्याळाला १७ दिवस लागतात, त्याच्या दुप्पट.

मग २० हा आकडा आला कुठून? या पुस्तकातल्या प्रत्येक घड्याळाला मी हाच प्रश्न विचारला आहे. मर्यादित नगांच्या घड्याळांबद्दल लिहिणारे बहुतेक जण आकडा सांगतात आणि थांबतात, जणू आकडा लहान असणं हीच करामत आहे. आकडे दोन जातीचे असतात. एक, जो हातांवरून ठरतो: काम करू शकणारी माणसं इतकी, एकाला एक नग पुरा करायला वेळ एवढा, तेव्हा वर्षात होतील तितके. दुसरा, जो विक्री विभागाच्या बैठकीत ठरतो: इतके काढले तर चटकन संपतील, त्याहून जास्त काढले तर पडून राहतील. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दोघांच्याही पाठीवर '०७/२०' अशा थाटात क्रमांक कोरलेला असतो.

जपानच्या बाबतीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो, कारण घड्याळ सगळ्यांच्या मनगटावर नेण्यात या देशाइतका वाटा फार थोड्यांचा आहे. किंतारो हात्तोरी यांनी १८८१ साली टोकियोत घड्याळांचं दुकान काढलं, त्यातूनच पुढे सीको उभी राहिली. १८९२ मध्ये 'सेइकोशा' हा कारखाना उभा राहिला, १९१३ मध्ये 'लॉरेल' हे जपानमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ निघालं. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात कारखाना जळून खाक झाला आणि त्यासोबत गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला दिलेली सुमारे दीड हजार घड्याळंही गेली. हात्तोरींनी त्या सर्वांना त्याच तोलाची नवी घड्याळं फुकट दिली. कंपनी ही गोष्ट आजही अभिमानाने सांगते. मला ती इथे एका वेगळ्या कारणासाठी हवी आहे: घड्याळ विकलं म्हणजे संबंध संपला नाही, ही समजूत तिथे जुनी आहे. आज निवडक संग्राहकांना बोलावून जी विक्री चालते, तिच्या मुळाशी ही समजूतही आहे आणि या समजुतीचा धंद्यासाठी केलेला वापरही.

२५ डिसेंबर १९६९ रोजी सीकोने 'क्वार्ट्झ अ‍ॅस्ट्रॉन' विक्रीला काढलं. जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ. ते सोन्याचं होतं, किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळच्या एका छोट्या मोटारीइतकी, आणि सुरुवातीला विकले गेले ते १०० नग. ज्या तंत्राने पुढे घड्याळ स्वस्त केलं, त्याचा जन्म असा मोजक्यांसाठी झाला होता. पुढचं माहीत आहे. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या आसपास सुमारे ९० हजार माणसं कामाला होती. क्वार्ट्झपुढे दीड दशकात त्यांतली जेमतेम एक तृतीयांश उरली. इकडे भारतात एचएमटीने १९६१ साली बंगळूरला कारखाना काढला तो जपानच्या सिटिझनच्या तंत्रसाहाय्याने. कोकणात आणि गोव्यात तर आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसाच्या बॅगेत 'सीको ५' असायचंच, आणि ते कोणाला मिळालं यावरून घरात रुसवेफुगवेही व्हायचे. जपानी घड्याळ म्हणजे टिकाऊ, परवडणारं, थाटमाट न करणारं, हे आपलं मत तिथून बनलं. ते चुकीचं नाही, पण त्याच्यामागची अर्धी गोष्ट आपल्याकडे आलीच नाही.

ती अर्धी गोष्ट १९६० पासूनची. त्या वर्षी सुवा इथल्या कारखान्यात पहिलं ग्रँड सीको तयार झालं, किंमत २५ हजार येन. स्विस घड्याळांच्या तोडीस तोड, असा त्यामागचा उघड हेतू. सीकोने आपलेच दोन कारखाने, सुवा आणि टोकियोतला दाइनी, एकमेकांविरुद्ध शर्यतीत उभे केले. १९६७ च्या '४४जीएस'मध्ये तारो तानाका या डिझायनरने आखलेले नियम पहिल्यांदा पुरते उतरले: सपाट पृष्ठभाग, आरशासारखी झिलई, धारदार कडा, आणि उजेड-सावली यांची भेट अगदी रेषेवर. त्या झिलईला तिथले कारागीर 'झारात्सू' म्हणतात. फिरत्या धातूच्या चकतीवर घड्याळाची केस हातात धरून घासायची. कोन जरा चुकला की कड गोलावते आणि केस बाद. १९६८ मध्ये जिनिव्हाच्या वेधशाळेच्या स्पर्धेत यांत्रिक घड्याळांमध्ये सीको सर्वांत पुढे होती. पुढच्याच वर्षी तिनेच क्वार्ट्झ आणलं आणि स्वतःच्या या कलेच्या पायाखालची जमीन काढून घेतली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ग्रँड सीको बंद पडलं. १९८८ मध्ये ते परतलं तेही क्वार्ट्झ होऊन. नवं यांत्रिक ग्रँड सीको यायला १९९८ उजाडलं.

मधल्या वर्षांत ज्यांच्या बोटांत ते कसब होतं ती माणसं निवृत्त होत होती. लहान आकड्यांमागचं खरं कारण मला इथे दिसतं. नागानो प्रांतातल्या शिओजिरी इथे २००० साली सीको एप्सनच्या आवारात 'मायक्रो आर्टिस्ट स्टुडिओ' सुरू झाला, तो कौशल्य पुढच्या पिढीच्या हातात जावं म्हणून. नाव भारदस्त आहे, प्रत्यक्षात ही मूठभर माणसांची एक कार्यशाळा. स्वित्झर्लंडचे फिलिप द्युफूर, एकट्याने घड्याळं घडवणाऱ्यांतलं सर्वांत मोठं नाव, यांनी या लोकांना मार्ग दाखवला. पुर्ज्यांच्या तिरप्या कडा जेन्शन या डोंगरी झाडाच्या वाळलेल्या खोडाने घासायच्या, हा धडा त्यांचाच. सीकोच्या 'क्रेडोर' या नाममुद्रेखाली इथून २००६ मध्ये ठोके देणारं 'सॉनेरी' आणि २०११ मध्ये कळ दाबल्यावर वेळ वाजवून सांगणारं 'मिनिट रिपीटर' बाहेर पडलं. रिपीटरच्या नादासाठी लागणारं पोलाद हिमेजीच्या मियोचिन घराण्यातून आलं. हे घराणं मूळचं सामुराईंची चिलखतं घडवणारं. चिलखतांचे दिवस संपल्यावर ते चिमटे आणि वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटा करू लागलं. हे पोलाद घडवणारे कारागीर ५२ व्या पिढीतले. अशा घड्याळाचे वर्षाला हजार नग काढा म्हटलं तर उत्तर 'नाही' असं नसतं, उत्तर 'कोण काढणार?' असं असतं.

याच कार्यशाळेचं 'एइची २' मला सर्वांत आवडतं, आणि ते बघून पहिल्यांदा निराशाच होते. पांढरी पोर्सिलिनची डायल, निळे काटे, बारा खुणा, बस. मग कळतं की त्या खुणा आणि 'क्रेडोर' ही अक्षरंसुद्धा कुंचल्याने हाताने रंगवलेली आहेत. आत 'स्प्रिंग ड्राइव्ह' आहे: ताकद स्प्रिंगची, पण चाल सांभाळायला क्वार्ट्झ आणि चुंबकीय ब्रेक, बॅटरी नाही. त्यामुळे सेकंदकाटा टिकटिकत नाही, सरपटत जातो. ही कल्पना योशिकाझू आकाहाने या अभियंत्याला १९७७ मध्ये सुचली. सहाशेहून अधिक नमुने झाले, १९९८ मध्ये आकाहाने वारले, आणि पहिलं घड्याळ आलं १९९९ मध्ये.

कारखान्यांच्या बाहेर एकट्याने काम करणारी माणसं आहेत. त्यांच्याकडे आकड्याचा प्रश्न विचारावाच लागत नाही. हाजिमे आसाओका औद्योगिक डिझायनर होते. जॉर्ज डॅनियल्स या इंग्रज घड्याळजीचं पुस्तक समोर ठेवून ते स्वतःच शिकले आणि २००९ मध्ये त्यांनी टूरबियाँ केलं. मासाहिरो किकुनो यांचं काम आणखी वेगळं. मेइजी सरकारने १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली. त्याआधी जपानमध्ये दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत आणि ऋतूप्रमाणे त्यांची लांबी बदलत असे. आपले प्रहर सूर्यावर चालत तसेच. ठोके मात्र उलटे मोजायचे: दुपारी नऊ, मग आठ, सात, असे चारपर्यंत उतरत. ही वेळ दाखवणारी मोठी घड्याळं मेइजीपूर्वीच्या एदो काळातल्या कारागिरांनी बनवली. त्यांतलं सर्वांत विलक्षण १८५१ चं, हिसाशिगे तानाका यांचं, सहा तोंडांचं. या तानाकांच्याच कार्यशाळेतून पुढे तोशिबा झाली. किकुनो यांनी ही बदलती कालगणना मनगटावर आणली. त्यांच्या घड्याळात तासांच्या खुणाच वर्षभर आपोआप जवळ येतात आणि लांब जातात.

आता यातली गंमत. दिवस किती लांब-आखूड होतो हे गाव विषुववृत्तापासून किती दूर आहे यावर ठरतं. टोकियोत जूनमधला दिवस साडेचौदा तासांचा, डिसेंबरमधला पावणेदहाचा. पुण्यात हाच फरक सव्वातेरा ते अकरा. म्हणजे हे घड्याळ घेणाऱ्याच्या अक्षांशाप्रमाणे जुळवून करावं लागतं. टोकियोसाठी केलेलं पुण्यात चुकीचं ठरेल, आणि पुण्यासाठी केलं तर खुणा इतक्या थोड्या हलतील की मालकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटणार नाही. एका गावापुरतं, एका माणसापुरतं घड्याळ. मर्यादा याहून खरी असू शकत नाही.

मात्र हीच माणसं विक्रीला उभी राहिली की प्रश्न फिरतो. नाओया हिदा यांच्या कंपनीने २०१९ मध्ये पहिलं मॉडेल काढलं, नग ७. डायलवरचे आकडे हाताने कोरलेले, कोरणारे हात एकाच माणसाचे. मागणी शंभरपट आली तर सात कोणाला द्यायची? आसाओकांनी 'कुरोनो टोकियो' या नावाने तुलनेने स्वस्त घड्याळं काढली तर ती काही मिनिटांत संपायला लागली आणि लगेच दुप्पट भावाने फिरून बाजारात दिसू लागली. त्यावर त्यांनी काही वेळा नगांची मर्यादा काढून वेळेची घातली: ठरावीक मिनिटं मागणी नोंदवा, तेवढ्यात येतील त्या सगळ्यांना घड्याळ मिळेल, फक्त थांबावं लागेल. जिरो कातायामा हे नाव जाणकारांत गाजतं ते 'ओत्सुका लोतेक'मुळे. त्यांनी लेथ घेतलं, स्वतः शिकले, आणि जुन्या मोजमापाच्या यंत्रांसारखी दिसणारी घड्याळं करू लागले. ती सोडतीने विकली जात, आणि आधी फक्त जपानमध्येच. २०२४ मध्ये त्यांच्या 'नंबर ६'ला जिनिव्हाच्या 'ग्रां प्री' या घड्याळांच्या पुरस्कारांमध्ये ३ हजार फ्रँकच्या आतल्या घड्याळांचं पारितोषिक मिळालं. लॉटरी न्याय्य आहे असं मला वाटतं, निदान निमंत्रणाहून तरी.

निमंत्रणाचा रिवाज जपानला नवा नाही. क्योतोच्या जुन्या चहागृहांत ओळखीच्या माणसाने आणल्याशिवाय नव्या गिऱ्हाइकाला प्रवेश नसतो. बिल नंतर पाठवलं जातं, तेव्हा कोणीतरी जामीन हवा, हे त्यामागचं साधं व्यवहारी कारण. मित्सुकोशी, ताकाशिमाया यांसारख्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरांमध्ये 'गाइशो' नावाचा विभाग असतो. त्याची माणसं धनिक घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात, घरी जाऊन माल दाखवतात, कोणाच्या मुलीचं लग्न कधी आहे हेही त्यांना ठाऊक असतं. दुर्मीळ घड्याळ दुकानाच्या काचेपर्यंत पोचण्याआधी या वाटेने निघून जाऊ शकतं. ग्रँड सीकोचा मालकांसाठी 'जीएस९' हा क्लब आहे, आणि सभासदांपुरती घड्याळंही निघतात. म्हणजे एक घेतल्याशिवाय दुसरं घेण्याचा हक्क नाही. भक्तीच्या नावाखाली चालणारी ही गिऱ्हाइकी आहे, असं माझं मत आहे. क्लबातल्या सभासदांना ते पटणार नाही, आणि त्यांचीही बाजू आहे: कारागिराशी बसून बोलता येतं, कार्यशाळा बघता येते, आणि घड्याळ नफ्यासाठी लगेच विकणाऱ्याच्या हाती जात नाही.

खोटी टंचाई मात्र ओळखायला शिकलं पाहिजे. यंत्र तेच, केस तीच, डायलचा रंग बदलला, त्याला एखाद्या ऋतूचं किंवा पर्वतावरच्या पहाटेचं नाव दिलं आणि हजार-दीड हजार नगांवर क्रमांक कोरले, की झाली 'लिमिटेड एडिशन'. इवाते पर्वताच्या घड्या डायलवर उमटवणं हे सुंदर काम आहे, यात शंका नाही. पण जे ठशाने उमटतं ते पुन्हाही उमटवता येतं. सिटिझनचं २०१९ चं 'कॅलिबर ०१००' खऱ्या आणि खोट्या टंचाईच्या बरोबर मध्ये उभं आहे. वर्षाला एका सेकंदापेक्षा जास्त चूक नाही, तीही उपग्रह किंवा रेडिओची मदत न घेता. अभियांत्रिकी म्हणून ही कमाल. पांढऱ्या सोन्यातले नग १०० ठेवले, टायटॅनियममधले त्याहून जास्त. इथे आकडा हातांचा की बैठकीचा, याचं उत्तर वाचकाने त्या प्रकरणात स्वतः शोधावं. मी दोन वेळा मत बदललं आहे.

काही खुलासे. कॅसिओची 'जी-शॉक' घड्याळं मी घेतलेली नाहीत. त्यांच्या महागड्या आवृत्त्यांवर अप्रतिम काम होतं, पण तो संग्राहकांचा वेगळाच मुलूख आहे. जपानी नावं आधी नाव, मग आडनाव अशा क्रमाने दिली आहेत. किमती त्या त्या वर्षी जाहीर झाल्या तशा येनमध्येच ठेवल्या आहेत. लिलावातले भाव मुद्दाम गाळले, कारण ते दर सहा महिन्यांनी बदलतात आणि त्यांवरून विकणाऱ्याची घाई कळते, घड्याळ कळत नाही. यंत्रांच्या आकृत्या समजायला घड्याळ उघडून पाहिलेलं असण्याची गरज नाही. एखादं जुनं चावीचं एचएमटी घरात असेल तर मात्र ते शेजारी ठेवून वाचावं. प्रकरणं कालक्रमाने आहेत, पण ज्याला इतिहासाचा कंटाळा असेल त्याने थेट मियोचिन यांच्या पोलादापासून सुरुवात केली तरी चालेल.